बघीरा किपलिंगी

बघीरा किपलिंगी ही उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या साल्टिसिडी कुलातील एक लहान जाती आहे. मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वातेमाला आणि कोस्टा रिका येथील उष्ण प्रदेशांत, मुंग्यांची वस्ती असलेल्या बाभूळवर्गीय झाडांवर हा कोळी राहतो. त्याच्या शरीराची लांबी सुमारे ५ ते ६ मिमी. असते. कोळी हे सामान्यतः पूर्णपणे शिकारी प्राणी मानले जातात. बघीरा किपलिंगीचा आहार मात्र मुख्यतः वनस्पतिजन्य आहे. जगातील ५०,००० हून अधिक ज्ञात जातींच्या कोळ्यांमध्ये, वनस्पतीचा घन भाग हेच ज्याचे मुख्य अन्न आहे असा नोंदला गेलेला हा पहिला कोळी होय.

हा कोळी ज्या झाडावर राहतो ते झाड आणि त्यावरील मुंग्या यांच्यात परस्परोपकारी सहजीवन असते. झाड मुंग्यांना अन्न व निवारा पुरवते आणि मुंग्या झाडाचे रक्षण करतात. मुंग्यांसाठी निर्माण झालेले हे अन्न कोळी चोरून खातो. त्यामुळे या जातीचा परिचय तिच्या अधिवासाच्या परिचयावाचून पूर्ण होत नाही.

शास्त्रीय वर्गीकरण

सृष्टी : प्राणी
संघ : संधिपाद
वर्ग : अष्टपाद
गण : कोळी
कुल : साल्टिसिडी
प्रजाती : बघीरा
जाती : बघीरा किपलिंगी

नाव आणि नामकरण

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन जॉर्ज पेकहॅम आणि एलिझाबेथ पेकहॅम या अमेरिकन दांपत्याने १८९६ मध्ये केले. जॉर्ज पेकहॅम हे विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या शहरात माध्यमिक शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक होते. या पतिपत्नींनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा अनेक वर्षे एकत्र अभ्यास केला. अनेक नव्या जातींची वर्णने त्यांनी लिहिली, तसेच मीलनापूर्वी नर करीत असलेल्या नृत्यासारख्या हालचालींचेही बारकाईने निरीक्षण केले.

‘बघीरा’ हे प्रजातीचे नाव रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) या पुस्तकातील काळ्या बिबट्यावरून घेतलेले आहे, तर ‘किपलिंगी’ हे जातिवाचक नाव स्वतः लेखकाच्या सन्मानार्थ आहे. किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या या कथांपैकी मोगलीच्या कथा मध्य भारतातील शिवनीच्या डोंगराळ प्रदेशात घडतात. पेकहॅम दांपत्याने याच कथांतील आणखी काही नावे कोळ्यांच्या प्रजातींना दिली आहेत. ‘अकेला’ हा लांडग्यांचा म्होरक्या, ‘मेसुआ’ ही मोगलीला माया लावणारी गावातील स्त्री आणि ‘नगाइना’ ही नागीण, ही ती नावे होत. अशा रीतीने बघीरा किपलिंगी या कोळ्याच्या नावाशी भारताचा संबंध असला, तरी हा कोळी भारतात आढळत नाही.

जाळे न विणता दबा धरून झेप घेणाऱ्या प्राण्याला बिबट्याचे नाव शोभून दिसते. परंतु पेकहॅम दांपत्याने वर्णन केले ते ग्वातेमालातून मिळालेल्या नराच्या नमुन्यावरून. हा कोळी जिवंतपणी काय खातो हे नमुन्यावरून कळण्यासारखे नव्हते. मादीचे वर्णन तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, वेन मॅडिसन यांनी प्रसिद्ध केले.

शरीररचना

सर्व कोळ्यांप्रमाणे बघीरा किपलिंगीच्या शरीराचे शिरोवक्ष आणि उदर असे दोन भाग असतात. त्याला पायांच्या चार जोड्या असतात. नर आणि मादी यांच्या रूपात स्पष्ट फरक आढळतो.

नराचे शिरोवक्ष गडद रंगाचे असून त्याच्या पुढील भागावर हिरवट झाक असते. पाय पिवळसर तांबूस असतात. उदर सडपातळ व तांबूस असून त्यावर हिरवे आडवे पट्टे असतात. मादीचे शिरोवक्ष तांबूस तपकिरी असून त्याचा वरचा भाग काळा असतो. तिचे पुढचे पाय काहीसे दणकट व पिवळसर तांबूस असतात. बाकीचे पाय बारीक आणि फिकट पिवळे असतात. उदर नराच्या मानाने मोठे, फिकट तपकिरी आणि त्यावर गडद तपकिरी व हिरवट खुणा असलेले असे असते. या खुणांमध्ये व्यक्तीनुसार बराच फरक पडतो.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांची दृष्टी तीक्ष्ण असते, व ती या जातीच्या जीवनक्रमात विशेष महत्त्वाची आहे. त्यांना आठ डोळे असतात. पुढील बाजूचे मधले दोन डोळे आकाराने सर्वांत मोठे असून त्यांनी वस्तूचे बारकावे दिसतात. इतर डोळे भोवतालची हालचाल टिपतात. त्यामुळे डोके न वळवताही मागून येणारी मुंगी कोळ्याच्या लक्षात येऊ शकते.

कोळ्याच्या पायांतील काही मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायू नसतात. शरीरातील द्रवाचा दाब एकदम वाढवून तो पाय ताठ करतो आणि या झटक्याने उडी मारली जाते. उडीपूर्वी तो रेशमी धागा पृष्ठभागाला चिकटवून ठेवतो. उडी चुकली, तर या धाग्याला लोंबकळून त्याला पुन्हा वर चढता येते.

अधिवास

बघीरा किपलिंगी घनदाट, सदा सावलीत असलेल्या अरण्याचा रहिवासी नाही. त्याची आश्रयवृक्षे उन्हाची जागा पसंत करतात. रानाच्या कडा, झाडे तोडल्यावर पुन्हा वाढू लागलेले विरळ रान, कुरणे आणि रस्त्यांच्या बाजू अशा ठिकाणी ती वाढतात. या झाडांपैकी व्हॅचेलिया कॉलिन्साय या जातीवरील कोळ्यांचा अभ्यास विशेष झाला आहे. ही झाडे पूर्वी अकेशिया या मोठ्या प्रजातीत गणली जात. त्या प्रजातीची पुनर्रचना झाल्यावर त्यांचा समावेश व्हॅचेलिया प्रजातीत करण्यात आला. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारी बाभूळही याच प्रजातीतील आहे. तिचे शास्त्रीय नाव व्हॅचेलिया निलोटिका असे आहे. मध्य अमेरिकेतील ही झाडे या लेखात पुढे ‘मुंगीबाभूळ’ या नावाने उल्लेखिली आहेत.

आपल्याकडील बाभळीशी तुलना केल्यास मुंगीबाभळीचे वेगळेपण चटकन लक्षात येते. दोन्ही झाडांची पाने संयुक्त, म्हणजे अनेक बारीक पर्णिकांची बनलेली असतात आणि दोहोंच्या पानांच्या बुडाशी काट्यांची जोडी असते. आपल्या बाभळीचे काटे सरळ व भरीव असतात. मुंगीबाभळीचे काटे मात्र फुगीर असून त्यांचा आकार बैलाच्या शिंगांच्या जोडीसारखा दिसतो. मुंग्या हे काटे आतून पोखरून पोकळ करतात. याशिवाय मुंगीबाभळीच्या पर्णिकांच्या टोकांना लहान, पौष्टिक पिंड येतात. तसे पिंड आपल्या बाभळीला येत नाहीत.

झाड आणि मुंग्या यांचे सहजीवन

मुंगीबाभळीवर स्यूडोमर्मेक्स या प्रजातीच्या मुंग्या राहतात. नवी राणी मुंगी लहान रोपाच्या काट्याला टोकाजवळ भोक पाडते, आत शिरते आणि अंडी घालते. वसाहत वाढत जाते तसे झाडावरील अधिकाधिक काटे व्यापले जातात. झाडाकडून मुंग्यांना तीन गोष्टी मिळतात :

१. निवारा : पोकळ केलेल्या काट्यांत मुंग्या राहतात व पिल्ले वाढवतात.
२. मधुरस : पानांच्या देठांवरील मधुग्रंथींतून गोड रस पाझरतो. या ग्रंथींचा फुलांशी किंवा परागणाशी संबंध नसतो.
३. बेल्ट पिंड : पर्णिकांच्या टोकांवरील प्रथिने व मेद असलेले हे पिंड मुंग्या तोडून नेतात आणि मुख्यतः आपल्या अळ्यांना खाऊ घालतात.

याच्या मोबदल्यात मुंग्या रात्रंदिवस झाडावर गस्त घालतात. पाने खाणाऱ्या कीटकांवर त्या तुटून पडतात. झाडाला तोंड लावणाऱ्या गुरांनाही त्या कडकडून डसतात. झाडावर चढू पाहणारे वेल आणि बुंध्याजवळ उगवणारी रोपे त्या कुरतडून टाकतात.

या सहजीवनाचे वर्णन इंग्रज अभियंता व निसर्गनिरीक्षक टॉमस बेल्ट यांनी निकाराग्वातील वास्तव्यावर आधारित, १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केले. मुंग्या झाडाचे संरक्षण करतात, असे मत त्यांनी मांडले होते. पर्णिकांवरील पिंड आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. या मताची प्रायोगिक कसोटी अमेरिकन परिस्थितिविज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९६० च्या दशकात मेक्सिकोत घेतली. काही झाडांवरील मुंग्या त्यांनी काढून टाकल्या आणि काहींवर तशाच राहू दिल्या. मुंग्या नसलेल्या झाडांची पाने कीटकांनी खाल्ली, वाढ खुंटली आणि भोवतालच्या वनस्पतींनी त्यांना झाकोळले. मुंग्या असलेली झाडे जोमाने वाढली. हे निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोळ्याच्या दृष्टीने या व्यवस्थेचे महत्त्व दुहेरी आहे. मुंग्यांच्या पहाऱ्यामुळे झाडावर पाने खाणारे इतर प्राणी फारसे टिकत नाहीत. त्यामुळे पिंडांसाठी स्पर्धा कमी असते. शिवाय ही झाडे कोरड्या दिवसांतही नवी पाने काढीत राहतात, म्हणून पिंडांचा पुरवठा वर्षभर चालू राहतो. पहारेकऱ्यांना चुकवता आले, तर अन्नाची ददात पडत नाही.

आहार

बघीरा किपलिंगीचे मुख्य अन्न बेल्ट पिंड हे आहे. कोळी पर्णिकेच्या टोकावरील पिंड तोडून घेतो आणि मुंग्यांपासून दूर जाऊन खातो. मधुग्रंथींतील रसही तो पितो. अधूनमधून तो मुंग्यांच्या अळ्या पळवतो आणि लहान माश्यांसारखे कीटकही खातो. कोरड्या ऋतूत आपल्याच जातीच्या कोळ्यांना खाल्ल्याचीही निरीक्षणे आहेत. म्हणून त्याला ‘शाकाहारी कोळी’ असे जे म्हटले जाते, ते ‘मुख्यतः शाकाहारी’ या अर्थाने घ्यावयास हवे.

आहारातील वनस्पतीचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. मेक्सिकोतील अभ्यासात नोंदलेल्या अन्नापैकी सुमारे ९० टक्के भाग बेल्ट पिंडांचा होता. कोस्टा रिकात हे प्रमाण सुमारे ६० टक्के आढळले. कोळ्यांच्या आढळातही असाच फरक दिसतो. मेक्सिकोतील अभ्यासक्षेत्रात निम्म्याहून अधिक मुंगीबाभळींवर हे कोळी होते, तर कोस्टा रिकात असे कोळी असलेली झाडे ५ टक्क्यांहूनही कमी होती. एकाच जातीच्या दोन ठिकाणच्या समूहांत आहाराचा एवढा फरक असावा, हे लक्षणीय आहे.

कोळ्याच्या शरीररचनेचा विचार करता हा आहार आश्चर्यकारक ठरतो. कोळी सहसा घास गिळत नाहीत. भक्ष्यावर पाचकरस सोडून त्याचा द्रव बनवायचा व तो शोषून घ्यायचा, ही त्यांची पद्धत असते. मृदू शरीराच्या कीटकावर ही पद्धत चांगली चालते. वनस्पतींच्या पेशींना मात्र टणक भित्तिका असतात व त्या पचवणे अवघड असते. पानाचा इतर भाग न खाता नेमके मऊ व पौष्टिक पिंडच निवडल्याने ही अडचण बरीच कमी होते.

वनस्पतिजन्य पदार्थ कोळ्यांना सर्वस्वी वर्ज्य आहेत, असेही नाही. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या इतर अनेक जाती मधुरस पितात. वर्तुळाकार जाळे विणणाऱ्या काही कोळ्यांची पिल्ले जाळ्याला चिकटलेले परागकण खातात. परंतु या जातींत असे अन्न पूरक स्वरूपाचे असते. बघीरा किपलिंगीच्या बाबतीत तेच मुख्य अन्न असून कीटक पूरक ठरले आहेत.

मुंग्यांना चुकविण्याच्या रीती

एका मुंगीबाभळीवर हजारो मुंग्या असू शकतात आणि त्यांचा दंश कोळ्याच्या जिवावर बेतू शकतो. या कोळ्याकडे मुंग्यांशी लढण्याचे साधन नाही. त्याचा निभाव जागेची निवड, दृष्टी आणि चपळाई यांवर लागतो.

तो आपले रेशमी घरटे बहुधा जुन्या पानांच्या टोकांकडे बांधतो. मुंग्यांची वर्दळ नव्या, पिंड धरणाऱ्या पानांवर अधिक असते. जुन्या पानांवर पिंड उरलेले नसल्याने तेथे गस्त विरळ असते. अर्थात, राहण्याची जागा आणि अन्नाची जागा वेगवेगळ्या असल्याने कोळ्याला प्रत्येक घासासाठी मुंग्यांच्या वाटेवर यावेच लागते.

पिंडाकडे जाताना मुंगी समोर आल्यास तो थांबतो, बाजूला सरकतो किंवा दुसऱ्या पानावर उडी मारतो. अनेकदा ठरवलेला पिंड सोडून तो दुसऱ्याकडे वळतो. मुंगी फार जवळ आली, तर तो धाग्याच्या आधाराने पानाखाली लोंबकळतो आणि ती गेल्यावर परत वर येतो. इतर उड्या मारणारे कोळी ज्या कौशल्यांनी भक्ष्य गाठतात, तीच कौशल्ये येथे मुख्यतः पळवाट शोधण्यासाठी उपयोगी पडतात.

प्रजनन आणि सामाजिक वर्तन

उड्या मारणारे कोळी सामान्यतः एकएकटे राहतात. बघीरा किपलिंगीचे अनेक कोळी मात्र एकाच झाडावर आढळतात. अन्न विपुल आणि एका जागी स्थिर असल्याने अशी दाटी शक्य होत असावी. या जातीचे प्रजनन वर्षभर चालते. माद्यांची संख्या नरांच्या सुमारे दुप्पट आढळली आहे. माद्या आपली अंडी व नुकतीच जन्मलेली पिल्ले राखतात. नरही घरट्यांची व पिल्लांची राखण करीत असल्याची निरीक्षणे आहेत. कोळ्यांमध्ये नराने अपत्यांची काळजी घेणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

संशोधनाचा इतिहास

१८९६ मध्ये नाव मिळाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या जातीच्या आहाराविषयी विशेष माहिती नव्हती. २००१ मध्ये एरिक ओल्सन यांना कोस्टा रिकात हा कोळी बेल्ट पिंड खाताना दिसला. २००७ मध्ये क्रिस्टोफर मीहान यांनी मेक्सिकोच्या किंताना रू या राज्यात स्वतंत्रपणे हेच पाहिले. पुढे दोघांनी एकत्र येऊन, रॉबर्ट करी आदी सहकाऱ्यांसह आपले संशोधन ऑक्टोबर २००९ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

कोळी पिंड तोंडात धरतो एवढ्यावरून ते त्याचे अन्न आहे, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी संशोधकांनी दोन प्रकारचे पुरावे गोळा केले. पहिला पुरावा प्रत्यक्ष निरीक्षणांचा व चित्रफितींचा होता. त्यांवरून कोळी काय काय आणि किती वेळा खातो, हे मोजता आले. दुसरा पुरावा समस्थानिकांच्या विश्लेषणाचा होता. निसर्गात नायट्रोजनचे हलके व जड असे दोन स्थिर समस्थानिक असतात. अन्नसाखळीत वनस्पतीकडून शाकाहारी प्राण्याकडे आणि त्याच्याकडून मांसाहारी प्राण्याकडे जाताना शरीरातील जड नायट्रोजनचे प्रमाण पायरीपायरीने वाढते. म्हणून प्राण्याच्या ऊतींतील हे प्रमाण मोजले, की तो साखळीच्या कोणत्या पायरीवर आहे याचा अंदाज येतो. बघीरा किपलिंगीच्या शरीरातील प्रमाण त्याच परिसरातील शिकारी कोळ्यांच्या तुलनेत कमी भरले. म्हणजेच वनस्पतीतील द्रव्ये त्याच्या शरीरात खरोखर सामावली जात होती.

महत्त्व

परस्परोपकारी सहजीवनात दोन्ही पक्षांचा लाभ होतो. परंतु जेथे अन्न उघड्यावर ठेवलेले असते, तेथे मोबदला न देता ते उचलणारा तिसरा जीव येण्याची शक्यता असते. बघीरा किपलिंगी हे अशा तिसऱ्या पक्षाचे ठळक उदाहरण आहे. मुंग्यांचा पहारा झाड खाणाऱ्या बहुतेक प्राण्यांना रोखतो. तीक्ष्ण दृष्टीच्या आणि चपळ कोळ्याला तो पूर्णपणे रोखू शकत नाही.

याच कारणाने ही जाती आपल्या अधिवासाशी घट्ट बांधलेली आहे. बेल्ट पिंड मुंगीबाभळीखेरीज इतरत्र मिळत नाहीत आणि मुंग्यांवाचून मुंगीबाभूळ जोमाने वाढत नाही. ज्या मुंग्यांपासून कोळ्याला सतत जीव वाचवावा लागतो, त्यांच्यावरच त्याचे अन्न अवलंबून आहे. झाड, मुंगी आणि कोळी यांतील एक दुवा निखळला, तर इतरांच्या जीवनक्रमावर परिणाम झाल्यावाचून राहणार नाही.

या जातीचा इतिहास प्राण्यांच्या अभ्यासपद्धतीच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. संग्रहालयातील नमुन्यावरून या कोळ्याची ओळख पटली, त्याचे कुल ठरले आणि त्याला एका शिकारी बिबट्याचे नावही मिळाले. त्याचे अन्न कोणते, शत्रू कोण आणि तो कोणाच्या आधारावर जगतो, या प्रश्नांची उत्तरे मात्र तो राहतो त्या काटेरी झाडाजवळ जाऊन निरीक्षण केल्यावरच मिळाली.